गेमची सीडी घेताय? आधी विचारा, डिस्कवर किती आणि नेटवर किती

दिवाळी आली की किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. "चार-पाच हजारांची सीडी आणली, मशीनमध्ये टाकली, तरी ते नेट का मागतंय?" विचारणारे कधी शेवगावकडच्या वस्तीवरचे पालक असतात, कधी जामखेडचा बारावी संपवून बसलेला मुलगा. दुकानदाराने त्यांना सांगितलेलं असतं, "सगळा गेम सीडीत आहे, नेटची गरज नाही." यात खोटेपणा असतोच असं नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी हे उत्तर बऱ्याच अंशी खरं होतं आणि काही गेमच्या बाबतीत ते आजही खरं आहे. कुठल्या गेमच्या बाबतीत, हे मात्र पैसे देण्याआधी तुम्हालाच तपासावं लागतं.

अहिल्यानगरच्या सावेडीत किंवा गुलमोहर रोडला फायबरचं कनेक्शन असेल, तर डिस्क घ्यायची की डाउनलोड करायचं हा आवडीचा प्रश्न आहे. पाथर्डीच्या डोंगरकडेला किंवा अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यात रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल रिचार्जवर घर चालत असेल, तर डिस्कवर नेमकं किती आहे यावर तुमचे पैसे वाचणार की अडकणार हे ठरतं. हा लेख मुख्यतः अशा घरांसाठी आहे.

डिस्कवर मावतं तरी किती?

आपल्याकडे गोल चकतीला सरसकट 'सीडी' म्हणतात आणि दुकानातही तोच शब्द चालतो. पण सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे दिसायला सारख्या असल्या तरी त्यांच्या पोटात फार फरक आहे. खरेदीपुरते हे आकडे लक्षात ठेवा:

- प्लेस्टेशन १ ची सीडी: ६५० ते ७०० एमबी.
- प्लेस्टेशन २ ची डीव्हीडी: एका थराची ४.७ जीबी, दोन थरांची ८.५ जीबी. (सुरुवातीचे काही गेम साध्या सीडीवरही होते.)
- एक्सबॉक्स ३६०: दोन थरांची डीव्हीडीच, पण सुरक्षेसाठी राखलेला भाग वगळता गेमला आधी ७ जीबीच्या आत, नंतर ८ जीबीच्या आत जागा.
- प्लेस्टेशन ३ आणि ४, एक्सबॉक्स वन: ब्लू-रे, २५ किंवा ५० जीबी.
- प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स: तीन थरांपर्यंतची अल्ट्रा एचडी ब्लू-रे, जास्तीत जास्त १०० जीबी.
- निन्टेंडो स्विच: डिस्क नाही, नखाएवढं कार्ड. कमाल ३२ जीबी. स्विच २ चं कार्ड ६४ जीबीपर्यंत.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेममध्ये 'कॅसेट' खोचून ज्यांनी सुट्ट्या घालवल्या, त्यांच्यासाठी एक गंमत. पहिला सुपर मारिओ ब्रदर्स अवघ्या ४० केबीचा होता. आज सकाळी-सकाळी घरच्या ग्रुपवर येणारं 'शुभ प्रभात'चं एक चित्रसुद्धा त्याहून मोठं असतं.

माल मोठा आणि पोतं लहान झालं की कंपन्या पोती वाढवत आल्या. १९९७ साली फायनल फँटसी ७ प्लेस्टेशनच्या तीन सीडींवर आला. फायनल फँटसी १३ प्लेस्टेशन ३ वर एका ब्लू-रेत बसला, पण एक्सबॉक्स ३६० ला तोच गेम तीन डीव्हीडींवर द्यावा लागला. २०१३ चा ग्रँड थेफ्ट ऑटो ५ एक्सबॉक्स ३६० वर दोन डिस्कचा होता. प्लेस्टेशन ४ चा ड्राइव्ह शंभर जीबीची डिस्क वाचूच शकत नाही, त्यामुळे २०१८ चा रेड डेड रिडेम्प्शन २ त्यावरही दोन डिस्कचाच.

अलीकडे एक तिसरी वाट निघाली आहे आणि गोंधळ होतो तो तिथेच. जेवढं मावेल तेवढं डिस्कवर छापायचं आणि उरलेलं नेटवरून घ्यायला सांगायचं. कधीकधी मावत असूनही छापत नाहीत. २०२२ च्या कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २ ची प्लेस्टेशन ५ ची डिस्क निघाली तेव्हा तिच्यावर जेमतेम सत्तर एमबीच्या आसपास माल असल्याचं उघड झालं. शंभर जीबीच्या डिस्कवर सत्तर एमबी! हा प्रकार मला ग्राहकाची उघड थट्टा वाटते. खोक्यावर बारीक अक्षरांत सूचना छापलेली असली की कायद्याने मात्र ती थट्टा ठरत नाही.

सीडी आत असताना मशीन गेम 'इन्स्टॉल' का करतं?

ब्लू-रे ड्राइव्ह सेकंदाला काही दशक एमबी वाचतो. प्लेस्टेशन ५ च्या आतली एसएसडी सेकंदाला पाच हजार एमबीहून जास्त वाचते. आजचे गेम या वेगावर बेतलेले असतात, म्हणून प्लेस्टेशन ४ पासून पुढे सगळा माल आधी मशीनमध्ये उतरवूनच गेम चालतो. त्यानंतर डिस्क आत ठेवायची ती केवळ 'गेम माझ्या मालकीचा आहे' हे मशीनला दाखवण्यासाठी. म्हणजे ७० जीबीचा गेम डिस्कवर असला तरी मशीनमध्ये ७० जीबी मोकळी जागा लागतेच. "सीडीचा गेम जागा घेत नाही" हा समज प्लेस्टेशन २ च्या काळातला आहे.

दुकानात खोका हातात आल्यावर

१. मागची बाजू वाचा, तीही चष्मा लावून. तळाशी छोट्या चौकटींत किमान किती जीबी जागा लागेल ते लिहिलेलं असतं. हा आकडा मशीनमधल्या जागेचा असतो, डिस्कवरच्या मालाचा नव्हे. इथे बरेच जण फसतात.

२. इंटरनेट किंवा डाउनलोड 'आवश्यक' असल्याची ओळ शोधा. ती असेल तर गेमचा मोठा भाग डिस्कवर नाही किंवा नेटशिवाय गेम सुरूच होणार नाही, असं समजा. 'ऑनलाइन खेळणं ऐच्छिक' आणि 'आवश्यक' या दोहोंतला फरक नीट बघा.

३. खोका कोणत्या मशीनचा आहे ते बघा. प्लेस्टेशन ४ ची डिस्क ड्राइव्ह असलेल्या प्लेस्टेशन ५ वर चालते, उलट मात्र होत नाही. प्लेस्टेशन ४ च्या डिस्कवर 'प्लेस्टेशन ५ ची आवृत्ती मोफत' मिळत असेल तर ती आवृत्ती अख्खी नेटवरून उतरते आणि खेळताना जुनी डिस्क आत लागते. नेट नसलेल्या घराला या मोफतचा काही उपयोग नाही.

४. स्विच २ घेतला असेल तर खोक्याच्या पुढच्या बाजूला खाली किल्लीचं चिन्ह आहे का बघा. त्या 'गेम-की कार्ड'मध्ये गेम नसतो. कार्ड लावायचं, गेम डाउनलोड करायचा आणि नंतर प्रत्येक वेळी कार्ड आत ठेवायचं. निन्टेंडोची भारतात अधिकृत विक्री नसल्याने बाहेरून आलेला माल घेताना हे सांगणारं दुकानात सहसा कुणी नसतं.

५. खोक्यात गेमऐवजी किंवा गेमसोबत कागदावरचा कोड आहे का, ते विचारा. कोड एकदाच वापरता येतो. जुन्या खोक्यातला कोड बहुधा वापरून झालेला असतो.

नगर-पुणे रस्त्याने एखादी डिस्क आणायला निघण्यापूर्वी पाच मिनिटं फोनवर घालवा. 'डझ इट प्ले' नावाचा स्वयंसेवी गट डिस्क नेट तोडून चालवून बघतो आणि निकाल मांडतो. गेमचं नाव आणि मशीनचं नाव टाकून ते शोधा. दुकानदारापेक्षा ही माहिती जास्त भरवशाची असते, कारण त्या गटाला तुम्हाला काही विकायचं नसतं.

दोन डिस्कचे गेम

माझ्या भाच्याने रेड डेड रिडेम्प्शन २ सेकंडहँड घेतला. अर्ध्याहून कमी किंमत, डिस्कवर एकही ओरखडा नाही, स्वारी खूश. घरी येऊन डिस्क टाकली तर मशीन म्हणतं, डेटा डिस्क टाका. खोक्यात एकच डिस्क होती. विकणाऱ्याने फोन उचलला नाही. नंतर लक्षात आलं की विकणाऱ्याचीही बहुधा लबाडी नव्हती. त्याच्या मशीनमध्ये गेम आधीच उतरलेला होता, त्याला रोज एकच डिस्क लागत होती आणि दुसरी घरात कुठेतरी पडली असणार.

अशा गेममध्ये एक डेटा डिस्क असते आणि एक प्ले डिस्क. डेटा डिस्क एकदाच लागते, माल उतरवताना. प्ले डिस्क दर वेळी लागते. म्हणून:

- आधी डेटा डिस्क टाका. मशीन सांगेल तेव्हाच बदला. मधेच काढू नका.
- डेटा डिस्क खोक्यात परत ठेवा. जागेसाठी गेम काढून टाकलात किंवा हार्ड डिस्क बदललीत की ती पुन्हा लागेल.
- जुना गेम घेताना खोका उघडून दोन्ही डिस्क मोजा. प्लेस्टेशन ४ वर रेड डेड रिडेम्प्शन २, द लास्ट ऑफ अस पार्ट २, फायनल फँटसी ७ रिमेक, गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक आणि होरायझन फॉरबिडन वेस्ट दोन डिस्कचे आहेत. प्लेस्टेशन ५ वर फायनल फँटसी ७ रिबर्थ.

नेट नसलेल्या माणसाला दोन डिस्कचा गेम दिसला तर मी तो आनंदाने घ्यायला सांगेन. कंपनीने दुसऱ्या डिस्कचा खर्च केला याचा अर्थ गेमचा मुख्य भाग छापून देण्याची तिची तयारी होती.

नेटचा हिशेब कागदावर मांडा

कनेक्शनचा वेग एमबीपीएसमध्ये सांगतात. त्याला आठने भागलं की सेकंदाला किती एमबी उतरतात ते मिळतं. १० एमबीपीएसवर तासाला साधारण साडेचार जीबी, ३० वर साडेतेरा, १०० वर ४५. म्हणजे शंभर जीबीचा गेम १०० एमबीपीएसवर सव्वादोन तासांत उतरेल, ३० वर साडेसात तास, तर १० वर दिवसभर. हेही कागदावरचे आकडे आहेत, संध्याकाळी सगळं गाव नेटवर असतं तेव्हा वेग पडतो.

रोज दोन जीबीच्या रिचार्जवर पन्नास जीबी उतरवायचे तर पंचवीस दिवस, तेही त्या काळात घरात कुणी दुसरं काही न बघता. हे होत नाही. मग पर्याय काय?

नेट तोडून इन्स्टॉल करा. ही युक्ती सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत कमी माहीत असलेली. नेट चालू असताना डिस्क टाकली की मशीन डिस्कवरचा माल उतरवता उतरवता नवं अपडेटही ओढायला लागतं आणि मोबाइलचा कोटा अर्ध्या तासात संपतो. सेटिंगमध्ये जाऊन नेट बंद करा, मग डिस्क टाका. डिस्कवर छापलेली मूळ आवृत्ती तेवढी उतरेल. एकट्याने खेळायचे बहुतेक मोठे गेम त्यावर चालतात, फक्त सुरुवातीच्या काही चुका दुरुस्त झालेल्या नसतात. गेम आपोआप अपडेट होण्याची सोयही बंद करून ठेवा. एक लक्षात असू द्या: अपडेट केलेल्या गेममधली सेव्ह पुन्हा मूळ आवृत्तीत सहसा उघडत नाही.

मशीन पाहुणं म्हणून पाठवा. नगरला, संगमनेरला किंवा पुण्याला फायबर असलेले नातेवाईक असतील तर सुट्टीत मशीन मूळ खोक्यात घालून न्या, रात्रभर अपडेट होऊ द्या आणि घेऊन या. यात्रेला जाताना डबा न्यावा तसं हे वाटेल, पण काम होतं. जाण्याआधी यजमानांना विचारा. फायबरच्या मोठ्या योजनांनाही महिन्याची मर्यादा असते, हवेतून मिळणाऱ्या नव्या कनेक्शनना ती बरीच कमी असते आणि दोन-तीन गेममध्ये तिचा चांगला लचका तोडला जातो.

छोटे गेम बघा. सगळे गेम शंभर जीबीचे नसतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' २०२० साली आधी स्विचवर आणि मग प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्सवर आला. मंदिरं, पहाडी चित्रशैली, दुर्गा आणि विष्णू असलेला हा गेम आकाराने मोठ्या विदेशी गेमच्या पासंगालाही पुरत नाही. मोबाइल डेटावरही तो थोड्या दिवसांत उतरवता येतो.

फक्त ऑनलाइन खेळायचे गेम, उदाहरणार्थ कॉल ऑफ ड्यूटीचे ऑनलाइन भाग, नेट नसलेल्या घरी आणूच नका. डिस्क असो वा नसो.

मशीनमधली जागा

पेटीवर लिहिलेली जागा आणि प्रत्यक्ष मिळणारी जागा यांत तफावत असते, कारण मशीनची स्वतःची प्रणाली त्यातच राहते. पहिल्या प्लेस्टेशन ५ वर ८२५ जीबी लिहिलेलं असलं तरी गेमसाठी सुमारे ६६७ जीबी मिळतात. एक्सबॉक्स सिरीज एसच्या ५१२ पैकी ३६४. शंभर-शंभर जीबीचे गेम धरले तर पहिल्यात सहा, दुसऱ्यात तीन.

सिरीज एसला डिस्कची फटच नाही. प्लेस्टेशन ५ च्या डिजिटल आवृत्तीलाही नाही. दहा हजार वाचले म्हणून डिजिटल मशीन घेणारा आणि घरी फायबर नसणारा माणूस पुढची पाच वर्षं ते वाचलेले दहा हजार नेटवर घालतो. त्याला जुना गेम घेता येत नाही आणि खेळून झालेला विकताही येत नाही. वस्तीवर राहत असाल तर ड्राइव्ह असलेलंच मशीन घ्या, यात मला शंका नाही. २०२३ पासूनच्या सडपातळ प्लेस्टेशन ५ ला ड्राइव्ह नंतरही जोडता येतो, पण तो पहिल्यांदा जोडताना एकदा नेट लागतं.

जागा संपली की या क्रमाने जा:

- खेळून झालेले गेम काढा. गेम काढला म्हणजे सेव्ह जात नाही, ती वेगळी राहते. मुलं या भीतीने वर्षानुवर्षं गेम साठवतात. सेव्ह काढण्याचा पर्याय वेगळा आहे, त्याला हात लावू नका.
- प्लेस्टेशन ४: यूएसबी ३.० ची बाहेरची हार्ड डिस्क, २५० जीबी ते ८ टीबी, थेट मशीनला जोडा. तिच्यावरून गेम चालतात. अपडेटच्या वेळी प्लेस्टेशन ४ नवी प्रत तयार करून मग जुनी पुसतं, त्यामुळे गेमच्या आकाराएवढी आणखी जागा मोकळी नसेल तर दोन जीबीचं अपडेटही अडतं.
- प्लेस्टेशन ५: बाहेरच्या यूएसबी डिस्कवर प्लेस्टेशन ४ चे गेम चालतात, पण प्लेस्टेशन ५ चे फक्त ठेवता येतात. खेळायचे तेव्हा आत हलवावे लागतात. तरीही नेट नसलेल्या घरी हा मार्ग चांगला आहे, कारण पुन्हा डाउनलोड करावं लागत नाही.
- जागा कायमची वाढवायची तर प्लेस्टेशन ५ मध्ये एम.२ एसएसडी बसवता येते. चौथ्या पिढीची, सोनीच्या शिफारशीनुसार सेकंदाला ५,५०० एमबी किंवा अधिक वेगाची आणि उष्णता शोषणाऱ्या पट्टीसह (हीटसिंक) घ्या. संगणकाच्या दुकानात स्वस्तातली तिसऱ्या पिढीची पुढे करतील, ती यात चालत नाही.

एक धोक्याची सूचना. बाहेरची हार्ड डिस्क मशीनला पहिल्यांदा जोडली की ते ती 'फॉरमॅट' करायला सांगतं. 'होय' म्हटलं की तिच्यावरचं सगळं पुसलं जातं. ताईच्या लग्नाचा व्हिडिओ ज्या डिस्कवर आहे ती गेमसाठी वापरू नका.

विजेचं काय?

इन्स्टॉल चालू असताना वीज गेली तर साठवणीतली यादी बिघडू शकते. बहुतेक वेळा मशीन पुन्हा चालू झाल्यावर स्वतःच दुरुस्ती करतं. नाही झाली तर 'सेफ मोड'मध्ये जाऊन 'रिबिल्ड डेटाबेस' निवडा, त्यात गेम पुसले जात नाहीत. त्याच यादीतल्या 'इनिशियलाइज'ला मात्र हात लावू नका, त्याने सगळं जातं. भारनियमनाची वेळ ठाऊक असेल तर त्याआधी मशीन पूर्ण बंद करा, नुसतं 'रेस्ट मोड'मध्ये ठेवू नका. संगणकासाठी मिळणारा छोटा बॅटरी बॅकअप, म्हणजे यूपीएस, नीट बंद करण्यापुरता वेळ देतो.

जुनी डिस्क, जुनं मशीन

ओरखडे पडलेल्या सीडीला टूथपेस्ट लावून घासण्याचा उपाय पूर्वी घरोघरी होता आणि कधीकधी चालायचाही. कारण सीडीत माहिती सव्वा मिलिमीटर प्लॅस्टिकच्या मागे असते, वरचा थर घासून निघाला तरी चालतं. ब्लू-रेत ती पृष्ठभागापासून फक्त एक दशांश मिलिमीटरवर असते. वर कठीण लेप असतो म्हणून सहज ओरखडा पडत नाही, पण पडला तर घासून तो जात नाही, डिस्कच जाते. टूथपेस्ट लावू नका आणि पॉलिश करून देणाऱ्याकडेही ब्लू-रे नेऊ नका. मऊ कोरड्या फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको.

बाहेर देशातून आलेली डिस्क चालते, कारण प्लेस्टेशन ४ आणि ५ च्या गेमना देशाचं बंधन नाही. पण त्या गेमचे नंतर विकत घ्यायचे जादा भाग डिस्क ज्या विभागासाठी छापली त्या विभागाच्या खात्यालाच जुळतात. जादा भाग घ्यायचे असतील तर भारतात आयात झालेलीच डिस्क घ्या. तिच्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असतो. तो नसेल तर माल आडमार्गाने आलेला आहे, असं समजा.

"मशीन घ्या, पंचवीस गेम फुकट भरून देतो" म्हणणाऱ्यापासून दूर राहा. अशी मशीन जेलब्रेक केलेली, म्हणजे कंपनीचं सुरक्षेचं कुलूप तोडलेली असतात. ओळखायची खूण सोपी: मशीन नेटला जोडून अपडेट करू का, असं विचारा. विकणारा घाईघाईने "नको, नको" म्हणाला तर समजून जा. अशा मशीनवरून ऑनलाइन जाता येत नाही आणि वॉरंटीही मिळत नाही. शिवाय प्रताधिकार कायद्याच्या कलम ६३ ब नुसार चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे. त्यात किमान सात दिवसांच्या कैदेची आणि पन्नास हजारांपासून पुढे दंडाची तरतूद आहे. कमाईसाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं, पण तुम्ही तिथवर कशाला जाता?

जुनं मशीन घेताना आपली एक डिस्क सोबत न्या आणि ती तिथेच टाकून इन्स्टॉल सुरू होतं का बघा. डिस्क आत ओढली गेली म्हणजे ड्राइव्ह ठीक आहे असं नव्हे. निदान दहा मिनिटं माल उतरताना पाहा.

फसगत झाली तर

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी कापडबाजारापासून मॉलपर्यंत सगळीकडे दिसते. सदोष मालाच्या बाबतीत तिला अर्थ नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. मन बदललं किंवा गेम आवडला नाही, तर मात्र हा हक्क नाही. "डाउनलोड आवश्यक" असं खोक्यावर छापलेलं असताना ते न वाचता घेतलं, तर तुमची बाजू लंगडी पडते. छापलेलं नसेल किंवा विकणाऱ्याने लेखी, अगदी व्हॉट्सअ‍ॅपवर, "नेट लागणार नाही" असं सांगितलं असेल, तर ती बळकट होते. म्हणून हा प्रश्न मेसेजवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

- ऑनलाइन घेतलं असेल तर खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा. सील, मागची बाजू आणि डिस्कची खालची बाजू त्यात दिसू द्या.
- आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं असतं. जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेली वस्तू परत घेणं विक्रेत्याला बंधनकारक आहे.
- उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.
- त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. विक्रेता बंगळुरूचा असो की दिल्लीचा, तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे अहिल्यानगरच्या आयोगात, तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते.

गेम पार्लर चालवणाऱ्यांनी एक बघावं. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा सहसा लागू होत नाही, पण पार्लर तुम्ही स्वतः, केवळ उदरनिर्वाहासाठी चालवत असाल तर तुम्हीही ग्राहक ठरता. तक्रारीत हे वाक्य सुरुवातीलाच लिहा. घरगुती विकणाऱ्याकडून रोखीने घेतलेल्या जुन्या डिस्कसाठी मात्र यातला कुठलाच रस्ता फारसा उपयोगी पडत नाही. तिथे खोका उघडायचा, डिस्क मोजायच्या, चालवून बघायच्या आणि मग खिशात हात घालायचा.